बिल्ले काढून ठेवलेली गाडी

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात स्त्री-अभियंता, परदेश, संघर्ष असं काहीतरी असावं. संघर्ष झाला, नाही असं नाही. डच भाषेतला 'ग' घशातून खरवडून काढायला शिकणं हाच त्यातला मोठा भाग होता. पण मला लिहायचंय ते हेव्याबद्दल. माझ्या धंद्यात हेवा सर्दीसारखा असतो. येतो, दोन दिवस राहतो, जातो. एकदाच तो छातीत उतरला, त्याबद्दल.

मी जुन्या गाड्या तपासते. विकत घेणारा मला बोलावतो, मी गाडीखाली पाठीवर झोपते आणि उठून सांगते, घ्या किंवा घेऊ नका. पुण्यात ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग केलं, नवऱ्याच्या नोकरीपायी रॉटरडॅमला आले, काही वर्षं विम्यासाठी ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवलं आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. हत्यारं फारशी नाहीत. विजेरी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा आरसा, रंगाची जाडी मोजणारं यंत्र आणि एक जुनी सतरंजी. रंग एखाद्या जागी जाड लागला की खाली पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी वरून नवरीसारखी आणि खालून पापडासारखी, हे नेहमीचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ लाल, उघड्या टपाची गाडी घ्यायला निघाले होते. तपासल्यावर लक्षात आलं की पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा, आणि मधोमध वेल्डिंग. मी सांगितलं, तर म्हणाले, पण दोन्ही भाग चांगले आहेत ना? घेतली त्यांनी. दुसऱ्या एका वेळी नवरा विकणाऱ्याशी बोलण्यात गुंतलेला असताना त्याची बायको माझ्याजवळ आली आणि हळूच विचारती झाली, गाडी नापास करायचे वेगळे पैसे घेता का? गाडी उत्तम होती. मी तसंच लिहून दिलं. बाई निरोप घ्यायलाही आल्या नाहीत.

आमच्यात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. दुसऱ्यासाठी तपासलेली गाडी स्वतः घ्यायची नाही. एकदा का लोकांना वाटलं की ही बाई गिऱ्हाइकाला 'नको' म्हणते आणि मागून जाऊन आपणच उचलते, की संपलं. हा नियम मला कधी जड गेला नव्हता. कारण मी तपासलेल्या गाड्यांमध्ये ती गाडी कधी नव्हती.

ती म्हणजे ऐंशीच्या दशकातली एक अमेरिकन दोन दारांची गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीच्या काकांनी अमेरिकेहून मोटारींचं मासिक आणलं होतं, त्यात मी ती पहिल्यांदा पाहिली. नखशिखांत काळी. चकचकीत पट्टी नाही, काही नाही. मुळात ती सासरेबुवांनी बँकेत जायला वापरावी अशी चौकोनी, सभ्य गाडी. पण कारखान्यातल्या काही हट्टी लोकांनी तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे काय, ते सोपं आहे. गुऱ्हाळात उसाची चिपाडं फेकून न देता भट्टीत घालतात ना? तसं. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त जोर. ही बँकेत जायची गाडी त्या काळच्या नावाजलेल्या स्पोर्ट्स गाड्यांना सिग्नलवर मागे टाकायची. थोडीच वर्षं निघाली. त्यातल्या बऱ्याच पोरासोरांनी झाडांवर घातल्या. उरल्यात त्यांत नकला फार, कारण साधं मॉडेल घेऊन काळा रंग मारला आणि टर्बोचे बिल्ले चिकटवले की लांबून फरक कळत नाही. युरोपात तर खरी दिसणं म्हणजे भाग्यच.

मंदार अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहतो. पुण्याचाच, आयटीतला, वय पस्तिशीच्या आसपास. मला ताई म्हणतो. ऑफिसातल्या कोणाकडे तरी जुनी अमेरिकन गाडी होती आणि तो तिच्यातून कामावर यायचा, म्हणून मंदारलाही एक हवी होती. कोणती? "काळी," तो म्हणाला. त्याने एका जाहिरातीची लिंक पाठवली. एनस्खेडेच्या बाहेर, जर्मन सरहद्दीजवळच्या एका गावात, जुनी अमेरिकन गाडी, साधं मॉडेल, बरीच वर्षं बंद, घेऊन जाणाऱ्याला नाममात्र किमतीत द्यायची आहे. फोटो धुरकट होते. मी चहा पीत स्वयंपाकघरात बसून बघत होते. तिसऱ्या फोटोत बॉनेटवर एका बाजूला उंचवटा दिसला. साध्या गाडीला तो नसतो. टर्बोला जागा करून द्यायला तो लागतो.

खरं सांगते, त्या क्षणी मला मंदारचा राग आला. मी तिशीपासून या देशात गाड्यांखाली झोपतेय, आणि याला 'काळी' एवढंच माहीत असताना ही याच्या मोबाइलवर आपली आपण येऊन थांबली होती. पण उंचवट्याचं बॉनेट नकलेलाही असतं, मी स्वतःला समजावलं. नक्कलच असू दे, असं मनात आलं.

आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. वाटेत तो काय काय विचारत होता आणि मी तुटक उत्तरं देत होते. गाव म्हणजे मक्याची शेतं आणि मधून मधून विटांची घरं. गाडीच्या मालकीण मेफ्राउ रिया, म्हणजे रियाबाई, दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, उंच, हात एप्रनला पुसत. नवरा यान दोन वर्षांमागे गेला. घर विकून त्यांना गावात फ्लॅटमध्ये जायचं होतं आणि मागच्या जुन्या गोठ्यात ही गाडी अडून बसली होती. त्यांच्याबरोबर शेजारी गेरिट होता, यानचा मित्र. तो मंदारशी इंग्रजीत बोलू लागला, माझ्याशी नाही. याची मला सवय आहे. त्याने सांगितलं की गाडी साधीच आहे, इंजिन जाम झालंय, सुटे भाग मिळत नाहीत, आणि रियाची अडचण म्हणून तो स्वतः ती भंगारात नेऊन टाकायला तयार आहे. मदत म्हणून.

गोठ्याचं दार सरकवलं. गाडी धुळीने राखाडी झाली होती, तरी तिचा काळेपणा खालून जाणवत होता. चारी चाकांत हवा नव्हती. बिल्ला एकही नाही, नुसत्या बिल्ल्यांच्या जागचे छोटे बुजवलेले खळगे. रिया कॉफी घेऊन आल्या. मंदारने कप घेतला आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून गाडीच्या टपावर ठेवला. गेरिटने बोलता बोलता तो उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

भंगाराच्या टपावर कोणी कप ठेवला तर माणूस तो उचलत नाही. गेरिटला सगळं माहीत होतं. त्याने गाडीकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची होती, कारण तेव्हा माझीही तीच असणार.

मी सतरंजी पसरली. अमेरिकन गाडीच्या चासी नंबरातलं आठवं अक्षर इंजिन कोणतं ते सांगतं. काचेखालची धूळ पुसून पाहिलं, ते बरोबर होतं. पण नंबराची पट्टीही लोक दुसरीकडून आणून लावतात, म्हणून इंजिनाच्या लोखंडावर ठोकलेले आकडे बघायचे, ते चासी नंबराच्या शेवटच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. ते अशा अडचणीच्या जागी असतात की आरसा घालून, ग्रीस खरवडून, उलटे वाचावे लागतात. जुळले. गिअरबॉक्सवरचेही जुळले. टर्बोच्या चक्राला बोट लावलं, ते कुरकुर न करता फिरलं. मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. थोडं अडलं, मग फिरलं. जाम वगैरे काही नव्हतं. मागच्या बाजूला सांगाड्याला गंज होता, तो बरा होण्यातला. रंग सगळीकडे पातळ, कारखान्यातला.

मी गाडीखाली पडून राहिले. काम संपलं होतं, पण उठवेना. बाहेर मंदारचे पांढरे बूट दिसत होते. मी उठून 'नको' म्हटलं असतं तर त्याने दुसरा प्रश्नसुद्धा न विचारता मला घरी सोडलं असतं. हे डोक्यात आलं, एवढंच नाही, ते काही वेळ तिथे बसून राहिलं. मग धुळीने शिंक आली आणि मी बाहेर सरकले.

त्याला बाजूला घेऊन मराठीत सांगितलं. या देशात मराठीचा हा फायदा, कोणासमोरही खाजगी बोलता येतं. खरी आहे, कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली आहे, इंजिन मूळचं आहे, अशी मी आयुष्यात पाहिलेली नाही. यांना ठाऊक नाही काय विकतायत ते. मंदारचा चेहरा आधी फुलला, मग तो गोंधळला.

"मग त्यांना सांगायचं ना, ताई?"

"मी तुमच्यासाठी आलेय. ठरवायचं तुम्ही."

"नाही, सांगा तुम्ही. यजमान गेलेत त्यांचे."

झालं. म्हणजे हा चांगलाही निघाला. हेवा करायला निदान माणूस तरी वाईट असावा, तेवढीही सोय राहिली नाही.

मी सांगायच्या आतच रिया माझ्याकडे आल्या. गेरिटकडे पाठ करून मला म्हणाल्या की गेरिटने एकदा बॉनेट उघडून मिटलं आणि भंगार म्हणाला, तुम्ही मात्र एवढा वेळ खाली होतात. तुम्ही बाई आहात, तुम्ही मला सरळ सांगाल. यानने काय आणलं होतं हे?

त्यांना वाटत होतं, ही बाई आहे, हिला माझं दुःख कळेल. मला तर यानचं कळत होतं. पण विचारलं तसं सांगितलं. गाडी साधी नाही. फार दुर्मिळ आहे. जाहिरातीत लिहिलंत त्याच्या कितीतरी पट तिचं मोल आहे.

"यानला माहीत होतं?"

"होतं."

कारण गाडीवरून काढलेले ते बिल्ले तपासताना आम्हाला पुढच्या कप्प्यात सापडले होते, सगळेच्या सगळे, निळ्या चौकटींच्या एका फडक्यात गुंडाळलेले. मी ते त्यांच्या हातात दिलं. रियांनी बिल्ल्यांकडे पाहिलंच नाही, फडकं उलगडून पाहिलं. त्यांचंच होतं, भांडी पुसायचं, सहातलं एक. हरवलं म्हणून त्या तेव्हा खूप चिडल्या होत्या.

मग त्या बोलायला लागल्या. जर्मनीतल्या तळावरून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून यानने ती घेतली होती, आणि घरी सांगितलं होतं की साधी जुनी गाडी आहे, फुकटात मिळाली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घेऊ दिली नसती, हे त्याला ठाऊक होतं. रोज जेवण झालं की गोठ्यात. रविवारी सकाळी एकटाच फेरी मारून यायचा. रियांना कधी नेलं नाही, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी, भंगारात मी बसणार नाही, असं म्हटलं होतं.

"भंगार होतं तेच बरं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी म्हणत आले, या माणसाला अक्कल नाही, डबड्यापायी बायकोला एकटं टाकतो. डबडं नव्हतं तर ते."

गेरिटचे कान लाल झाले होते. त्याने घसा साफ करून डचमध्ये सांगितलं की गाडी त्याच्याकडे जावी असं यानला वाटलं असतं, म्हणाल ती किंमत तो देईल, आणि ती अशीच, यानने ठेवली तशी, शेजारच्या शेडमध्ये राहील. रियांनी त्याला विचारलं, गाडी काय आहे हे तुला माहीत होतं का. तो त्यांच्या बागेकडे बघत राहिला.

"शेजारी नको," रिया म्हणाल्या. "मला पुन्हा खिडकीतून ती बघायची नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही घ्या. तुम्ही खरं बोललात."

मी म्हटलं, मी गाड्या घेत नाही, तपासते.

"तोंडाने म्हणता. चेहरा तसं म्हणत नाही तुमचा."

मंदारला तेवढं डच येत होतं. तो बुटांच्या टोकांकडे बघत राहिला. त्याने 'घ्या ताई' म्हणावं असं मला वाटलं. न म्हटल्याबद्दल मी त्याला आजही दोष देत नाही, मीही म्हटलं नसतं. रियांनी विचारलं होतं, मागून गुपचूप नव्हे, सगळ्यांच्या देखत. असं 'हो' म्हटलेलं नियमात बसतं का, याचा विचार मी नंतर कितीदा केलाय. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की मी त्याच्यासाठी आलेय, आणि परत त्याच्याच गाडीतून, त्याच्या शेजारी बसून रॉटरडॅमला जायचंय. मी मंदारकडे बोट केलं आणि म्हटलं, गाडी यांना द्या. हे चालवतील.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरं केलंस, ठेवली कुठे असती? मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मंदारने योग्य ती किंमत दिली. रियांनी व्यवहाराला एकच अट घातली होती. गाडी सुरू झाली की एकदा तिथे आणायची आणि त्यांना तिच्यातून फिरवून आणायचं. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे हिवाळाभर काम चाललं. मी दर आठवड्याला जायचे. मंदारला वाटायचं ताई किती आपुलकीने लक्ष घालतात. मी त्याला तसं वाटू दिलं. सांगाडा दुरुस्त झाला, पेट्रोलची टाकी बदलली, बिल्ले मात्र मंदारने परत लावले नाहीत. यानने काढलेत तर राहू देत, म्हणाला. तेही मला सुचलं नव्हतं.

ट्युलिपच्या दिवसांत आम्ही गेलो. रिया ठेवणीतला कोट घालून तयार होत्या. मंदार चालवणार, त्या शेजारी आणि मी मागे. त्या गाडीची मागची सीट म्हणजे आंब्याची पेटी, पाय ठेवायला जागा नाही. मंदार अंडी वाहून नेत असल्यासारखा चालवत होता. पुढे मोकळा, सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली जमीन, आणि हा पन्नासच्या वर जाईना. टर्बो जागाच झाला नाही. मागे बसून माझा उजवा पाय सारखा जमिनीला दाबला जात होता.

बऱ्याच वेळाने रिया म्हणाल्या, "यान चालवायचा तेव्हा हिचा आवाज असा नसायचा. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

मंदारने गाडी कडेला घेतली. आरशातून मला म्हणाला, "ताई, तुम्ही घ्या ना. मला नाही जमत."

मी पुढे बसले. सीट सरकवली, आरसा लावला. ऐंशीच्या दशकातल्या टर्बोचं असं असतं की तुम्ही पाय दाबता आणि आधी काहीच होत नाही. गाडी जणू श्वास घेते. तुम्हाला वाटतं बिघडली. आणि मग पाठीत कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी ती जाते. मी पाय दाबला. श्वास. आणि मग ती गेली. मागून मंदारचा 'अरे' असा बारीक आवाज आला. रियांनी दाराचा दांडा घट्ट धरला होता. डोळे मात्र समोर, उघडे. वळणाआधी मी वेग कमी केला तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"आता कळलं," त्या म्हणाल्या. थोडं पुढे गेल्यावर पुढचं वाक्य आलं. "तरी मला न्यायला हवं होतं त्याने. मी नाही म्हटलं होतं, पण परत विचारायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर गेरिटचं घर लागलं. तो कुंपण कापत होता, कात्री हातात धरून उभा राहिला. आम्ही पुढे गेलो. रियांनी माझ्या हाताला हलकेच स्पर्श केला आणि विचारलं, "पुन्हा एकदा इथूनच जाता येईल?"

मी गाडी वळवली. दुसऱ्या खेपेला पाय जरा जास्तच दाबला.

रियांच्या घरासमोर मी उतरले आणि किल्ली मंदारच्या हातात ठेवली. तो अनेकदा आभार मानत राहिला. मी त्याला परत जाऊ दिलं आणि एनस्खेडेहून ट्रेनने आले. कारण सांगितलं की गावात एक काम आहे. काम नव्हतं.

त्याला काही वर्षं झाली. रिया फ्लॅटमध्ये छान रमल्यात. गेरिट महिनोन्‌महिने त्यांच्याशी बोलला नव्हता, आता शनिवारी कॉफीला येतो. मंदार पाय दाबायला शिकलाय. बायकोला घेऊन तो रविवारी समुद्रावर जातो आणि तिथून मला फोटो पाठवतो, आणि मी अंगठा वर केलेला पाठवते. लोक म्हणतात वयाबरोबर हेवा ओसरतो. माझा गुडघ्यांमध्ये उतरलाय बहुतेक, कारण मंदार दर वर्षी गाडी तपासायला माझ्याकडेच आणतो, दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. मी सतरंजी पसरते, खाली सरकते आणि अगदी मनापासून खोट शोधते. अजून एकही सापडलेली नाही.